पिशवी मोजायला येणाऱ्यांना आमच्या अटी



कपाशीचा भाव पडला, ज्वारी ताटातच करपली, की आपल्या दारात एक माणूस हमखास येतो. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम येतो, उचल देतो, कागदावर अंगठा घेतो आणि नवरा-बायकोचा एक कोयता बांधून जातो. अलीकडे आणखी एक माणूस यायला लागला आहे. तो गावात येत नाही, थेट फडावर येतो. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागलच्या उसात कोप्या पडल्या की तो येतो. त्याच्या हातात छापील फॉर्म असतो. तो पैसे देत नाही आणि मागतही नाही, फक्त विचारतो. आणि विचारतो ते घरातल्या बाईला. पाळी कितव्या वर्षी आली? मुले किती? पडली किती? पिशवी आहे की काढली?

या दुसऱ्या माणसाचे काय करायचे, हे येत्या जिल्हा बैठकीत ठरवायचे आहे. आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ही मंडळी टोळीत शिरताच कामा नयेत, आपल्या बायकांची अब्रू चव्हाट्यावर आणायला यांना कोणी सांगितले? दुसरा म्हणतो, येऊ द्या, विचारू द्या, जगाला कळेल तेव्हाच सरकार हलेल. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात थोडे खरे आहे आणि बरेचसे सोयीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून हा मजकूर.

विचारले नसते तर

आधी पहिल्या तटाशी बोलू.

विचारूच नका म्हणणाऱ्यांनी २०१९ साल आठवावे. त्या वर्षी जूनमध्ये विधिमंडळात सरकारला सांगावे लागले की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली निघाली.

शंभरात सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीन होते. वयाचा फरक धरा, मोजण्याच्या पद्धतीचा फरक धरा, तरी तीन आणि सतरा यांतले अंतर बुजत नाही.

ही मोजणी झाली नसती तर काय झाले असते? प्रत्येक घराला वाटत राहिले असते की हे आपल्याच नशिबाचे भोग आहेत. शेजारणीची पिशवी गेली हे माहीत, जावेची गेली हे माहीत, पण तालुक्यात किती गेल्या हे कोणाला माहीत नाही. कापसाच्या भावाचे असेच होते. एकट्या शेतकऱ्याला वाटायचे, आपलीच शेती वाईट. सगळ्यांचा हिशेब मांडला तेव्हा कळले की शेती वाईट नाही, भाव वाईट आहे. दुखणे मोजल्याशिवाय त्याचे कारण सापडत नाही. मोजणी झाली म्हणून बीडमध्ये खाजगी रुग्णालयाला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायची अट आली. राजस्थान, बिहार, छत्तीसगड इथेही हाच प्रकार चालला होता. तिथली प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितले की गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रियांना आळा घालण्याचे नियम तीन महिन्यांत अमलात आणा.

तेव्हा अब्रूची गोष्ट काढणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. तिशीतल्या बाईची चांगली पिशवी काढून घेतात तेव्हा अब्रू जात नाही, आणि कोणी विचारले की जाते, ही कसली अब्रू?

आणि विचारले म्हणून काय झाले?

आता दुसऱ्या तटाशी.

गेल्या हंगामात आमचे काही कार्यकर्ते शिरोळ भागात एका टोळीत बसले होते. तिथे एक शिकलेली मुलगी फॉर्म घेऊन आली. पोरगी मनाने चांगली होती, उन्हातान्हात हिंडत होती. पण तिने विचारले कुठे? ट्रॅक्टरच्या सावलीत. मुकादम ट्रॅक्टरवर बसलेला, नवरा मोळ्या बांधतोय, सासू पोराला घेऊन शेजारी. "गर्भाशयाचे काही विकार आहेत का?" बाई म्हणाली, "काही नाही." "योनिमार्गातून स्राव?" बाई गप्प. मुलीने फॉर्मवर 'नाही' लिहिले. दहा मिनिटांत सहा बायका उरकल्या.

संध्याकाळी आमच्या महिला कार्यकर्तीने त्याच बाईबरोबर चुलीपाशी बसून भाकरी थापल्या. मग बाई बोलली. दोन वर्षांपासून धुपणी आहे. ओटीपोट ओढते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना अंग बाहेर येते की काय असे वाटते. पाळीत बदलायला कापड आहे, पण ते धुवायला पाणी नाही आणि वाळवायला आडोसा नाही. गावाकडच्या डॉक्टरने सांगितले आहे, पिशवी खराब आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. पट्टा पडला की काढायची. पैसे मुकादम देणार, पुढच्या उचलीत धरून.

आता सांगा, फॉर्मवरचे 'नाही' खरे की चुलीपाशी सांगितलेले खरे? तो फॉर्म कुठल्यातरी विद्यापीठात जाईल, त्याची बेरीज होईल, आणि शंभरात इतक्या बायकांना काही त्रास नाही असे छापून येईल. आपल्या बाईचे मुकेपण शास्त्राच्या नावाने पक्के होईल.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्रांची. २०१९ मध्ये 'पिशवी नसलेल्या बायकांचे गाव' असे मथळे झळकले. गावांची नावे छापली गेली. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही इथल्या साखरेमागची कर्जे, बालविवाह आणि पिशव्या यांची मोठी बातमी दिली. बातमी आली हे चांगलेच झाले, पण गावाचे नाव छापून काय साधले? त्या गावच्या पोरीला बघायला येणारे पाहुणे आधी काय विचारणार, हे छापणाऱ्याला माहीत नव्हते का? ज्या डॉक्टरांनी पिशव्या काढल्या त्यांची नावे मात्र मथळ्यात आली नाहीत. उघडे पडले ते गाव. ज्याने उघडे पाडले तो झाकलेला राहिला.

उस्मानाबादचा हिशेब

आणखी एक जुना हिशेब आहे. ज्वारीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने तो ऐकावा.

उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर एक मोठे संशोधन झाले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांतल्या बायकांची वेगवेगळ्या पद्धतीने एकदा तपासणी केली. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी केली नाही. त्यांना जिल्ह्यात नेहमीची जी सोय होती तीच ठेवली. २००९ मध्ये निकाल अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही नावाची चाचणी केलेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात या कॅन्सरने ३४ मेल्या. तपासणी न केलेल्या गटात, जो याहून थोडा लहान होता, ६४ मेल्या.

या संशोधनातून जगाला मोठे ज्ञान मिळाले, हे आम्ही नाकारत नाही. आयुष्यात एकदा केलेली ही चाचणीसुद्धा मरण निम्म्यावर आणते, हे आपल्या कोरडवाहू जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिले. आज जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी करा म्हणून सांगते.

पण चौथ्या गटाबद्दल जेव्हा प्रश्न उठले, तेव्हा बचाव काय होता? देशात अशा तपासणीची सोय नव्हतीच, त्यामुळे आम्ही त्या बायकांचे काही काढून घेतले नाही. हा बचाव नीट ऐका. सोय नव्हती कारण आपण गरीब होतो. आणि सोय नव्हती म्हणूनच आपल्यावर असा प्रयोग करता आला. ज्या देशात प्रत्येक बाईची तपासणी होते, तिथे असा चौथा गट करता आला असता का?

आणि फेड काय झाली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा या कॅन्सरसाठी कधी तपासणी झालेली नव्हती. बी आपल्या रानात पेरले, पीक दुसऱ्याच्या खळ्यावर गेले.

नीट विचारता येते

मग संशोधन म्हणजे लुबाडणूकच का? नाही. याच महाराष्ट्रात उलटा दाखला आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत गेले. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ती 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना अंगाखालचे काही ना काही दुखणे निघाले. आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या बायका शंभरात फक्त आठ. तोवर सरकारला आणि शास्त्राला खेड्यातली बाई दिसायची ती दोनच वेळा, बाळंतपणात आणि नसबंदीच्या टेबलावर. त्या एका पाहणीने जगाला तिची उरलेली सगळी वर्षे दिसली.

फरक कशात होता? विचारणारी डॉक्टर बाई होती. ती त्याच जिल्ह्यात राहायला गेली होती. आणि पाहणी संपल्यावर ती पुण्या-मुंबईला निघून गेली नाही, तिथेच दवाखाना चालवत राहिली. बायकांना ठाऊक होते, आज सांगितले तर उद्या औषध मागायला जागा आहे.

हे काही गडचिरोलीपुरते शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये संकटातल्या बायकांवरच्या लैंगिक अत्याचारांची माहिती कशी घ्यावी याचे नियम केले. त्यात स्पष्ट आहे की त्या बाईला जवळपास उपचार आणि आधार मिळण्याची सोय आधी हवी, प्रश्न नंतर. आपल्या देशाच्या आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांतही आपत्तीत सापडलेल्या आणि दुबळ्या स्थितीतल्या लोकांवर संशोधन करताना काय पाळावे याची वेगळी प्रकरणे आहेत. म्हणजे आम्ही मागतो ते नवीन नाही. छापलेले आहे, पाळले जात नाही एवढेच.

कोणी म्हणेल, ऊसतोड म्हणजे काय आपत्ती आहे का? २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. पूर आला की पंचनामा होतो, घर पडले तर मोजतात, म्हैस वाहून गेली तर मोजतात. दुष्काळाने बाईला फडावर ढकलले आणि फडाने तिचे अंग मोडले, त्याचा पंचनामा कोणत्या तलाठ्याकडे आहे? सावकाश येते म्हणून ती आपत्ती नव्हे, असे थोडेच आहे?

आपल्याच घराकडे बघू

दुसऱ्याला बोलण्याआधी आपणही आरशात बघितले पाहिजे.

आपण उत्पादन खर्चासाठी आयुष्य घालवले. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात बियाणे आहे, खत आहे, बैलाचे काम आहे, अवजारांचा आणि गोठ्याचा घसारा आहे. घरच्या माणसांच्या मजुरीचा अंदाजसुद्धा आहे. पण नांगराची झीज मोजणाऱ्या या हिशेबात बाईच्या अंगाची झीज कुठे आहे? पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे, ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर मोळी, आजारी पडली तर खाडा आणि खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत कापणी. हा घसारा आपण कधी मागितला? मागितला नाही, कारण आपल्यालाही तो दिसला नाही.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कित्येकांनी बायकोच्या नावावर जमीन केली, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. जमीन तिच्या नावावर करायला आपण शिकलो, पण तिचे अंग तिच्या नावावर केले नाही. ऑपरेशनच्या कागदावर आजही सही कोणाची चालते? नवऱ्याची. 'एकदाची काढून टाका, म्हणजे पाळीचा खाडा नको' हे वाक्य फक्त मुकादम बोलतो का? भावांनो, प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आणि एक गोष्ट घरोघर सांगायची आहे. धुपणी म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि तपासून घेतलेल्या औषधाने बरा होतो. काही वेळा नवऱ्यालाही बरोबरच औषध घ्यावे लागते. कॅन्सर, कशाने न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग पूर्ण बाहेर येणे, अशा कारणांसाठी पिशवी काढावी लागते, तेव्हा ती काढलीच पाहिजे. पण पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण लागते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते. मग तीच बाई पुढच्या हंगामात मोळी कशी उचलणार, आणि उचलीचे कर्ज कोण फेडणार? एका डॉक्टरने पिशवी काढ म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

आमच्या अटी

तेव्हा बैठकीपुढे आमचा ठराव असा. पाहणी करायला येणाऱ्यांना अडवायचे नाही. पण या अटी मान्य केल्याशिवाय टोळीत शिरू द्यायचे नाही.

एक. बाईशी बाईनेच बोलायचे. मुकादम, चिटबॉय, नवरा, सासू, कोणीही ऐकण्याच्या अंतरावर नको. आमचा कार्यकर्तासुद्धा नको.

दोन. आधी तपासणीचा दिवस आणि औषधाची सोय, मग प्रश्न. दुखणे सापडले आणि फॉर्म मिटून निघून गेले, हे चालणार नाही.

तीन. प्रश्न बायकांच्या शब्दांत. धुपणी, पिशवी, अंग बाहेर येणे, पाळी चुकणे. ज्या प्रश्नाचा अर्थ तिला कळत नाही, त्याचे उत्तर लिहून घ्यायचा कोणाला अधिकार नाही.

चार. कोयता थांबवून विचारायचे असेल तर त्या वेळेची मजुरी द्यावी. नाहीतर पावसाळ्यात आमच्या गावी यावे. तेव्हा बाई आपल्या घरात असते आणि तिला बोलायला उसंत असते.

पाच. अंगठा घेण्याआधी काय लिहिले आहे ते वाचून सांगायचे. उचलीच्या कागदावर अंगठा, ऑपरेशनच्या कागदावर अंगठा आणि पाहणीच्या कागदावरही अंगठा. आमच्या बाईला हे तिन्ही सारखेच दिसतात. 'नाही' म्हणायची मोकळीक आहे आणि 'नाही' म्हटले तरी औषध मिळेल, हे तिला पटले तरच ती संमती.

सहा. बाईचे नाव नाही, गावाचे नाव नाही, टोळीचे नाव नाही, फोटो नाही.

सात. निकाल पहिल्यांदा त्याच गावाच्या बायकांपुढे मराठीत वाचून दाखवायचा. चुकले असेल तर त्यांनी सांगायचे. मग परदेशात छापा.

आणि आठवी अट सगळ्यांत मोठी. प्रश्न फक्त बाईला विचारायचे नाहीत. तोच फॉर्म घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा, पस्तिशीच्या आतल्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या, कोणत्या कारणाने, बिल किती घेतले? साखर कारखान्याकडे जा आणि विचारा, कोप्यांजवळ पाणी किती, संडास किती, बाळंतिणीला सुट्टी किती? मुकादमाला विचारा, खाड्याचे पैसे कोणाच्या खिशात जातात? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये धरायचे ठरले, त्यातले या बायकांच्या दवाखान्यावर किती खर्च झाले? आणि शेवटी दिल्लीला विचारा, कापसाला आणि ज्वारीला परवडणारा भाव मिळाला असता तर ही बाई आपले रान सोडून या फडात आली असती का? ज्याने दुखणे दिले त्याला न विचारता जिला दुखते तिलाच दहा वेळा विचारायचे, याला आम्ही संशोधन म्हणत नाही.

आपलेही काम आहे. ज्या ज्या गावातून टोळ्या निघतात, तिथे निघण्याआधी प्रत्येक टोळीतल्या दोन बायकांनी या अटी पाठ कराव्यात. फॉर्मवाला आला की त्याच बोलतील, पुरुषांनी बाजूला व्हावे. कोल्हापूर भागातल्या ऊस उत्पादक भावांनाही सांगणे आहे. तुमच्या उसाला भाव मिळावा म्हणून आम्ही तुमच्याबरोबर रस्त्यावर बसलो आहोत. तुमच्या फडात तोडणाऱ्या बाईला एक आडोसा, एक पाण्याचा नळ आणि पाळीच्या दिवसांत बिनखाड्याची सुट्टी, एवढे तुम्ही आमच्याबरोबर कारखान्याकडे मागा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटितपणे मागितली म्हणून. हेही मागितल्याशिवाय मिळणार नाही.

'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपण गावोगाव दिली. तो घाम कोणाच्या अंगाचा आणि त्या अंगाचे काय झाले, हेही आता आपणच विचारायचे आहे. बैठकीला घरातल्या बाईला घेऊन या. या ठरावावर पहिला हात तिचा वर होऊ द्या.